बिल्ल्यांचा व्यवहार

लहानपणी बिल्ला म्हटला की दोनच माणसे डोळ्यांसमोर येत. स्टेशनवरचा हमाल आणि कचेरीतला पट्टेवाला. पुढे ‘दीवार’ पाहिला आणि ७८६ नंबरचा असला तर बिल्ला गोळीसुद्धा अडवतो, एवढी ज्ञानात भर पडली. पण बिल्ल्यासाठी माणूस रीतसर रांग लावील, हे काही माझ्या बी.कॉम.च्या डोक्यात आले नव्हते.

मेहुण्याच्या आग्रहावरून आम्ही सहकुटुंब फ्लोरिडाला गेलो. ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये पाहतो तर आबालवृद्ध गळ्यात पट्टे अडकवून आणि त्यांवर मिनाकारीचे बिल्ले टोचून निवृत्त रशियन सेनापतींसारखे हिंडताहेत! तिथल्या नोकरमाणसांच्या अंगावरही तेच. त्यांच्याकडचा आवडला की आपला एक द्यायचा आणि तो घ्यायचा. एकास एक, रोख पैशाचे नाव नाही. बोहारणीकडून तीन विटक्या साड्यांत स्टीलचा डबा आणि वर झारा उकळणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींना हा नियम म्हणजे स्वतःचा अपमान वाटला.

एका पाळण्यासाठी दीड तास रांगेत होतो, तेवढ्यात फोनवर इतिहास वाचून काढला. ही देवघेव तिथे १९९९ च्या ऑक्टोबरात, नव्या सहस्रकाच्या सोहळ्यात सुरू झाली. कल्पना मात्र ऑलिंपिककडची. १८९६ साली अथेन्सला खेळाडू आणि पंच ओळखू यावेत म्हणून पुठ्ठ्याचे बिल्ले होते. पुढे खेळाडू ते आपसात बदलू लागले, मग प्रेक्षकांनाही लागण झाली. १९८८ साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तर कोका-कोलाने त्यासाठी खास केंद्रच उघडले. आणि त्याही आधी, ११७० साली कँटरबरीला टॉमस बेकेटचा खून झाल्यावर तिथे जाणारे यात्रेकरू शिसे-कथलाचे बिल्ले टोपीला लावून परतत. लंडनला टेम्सच्या चिखलात ते अजून सापडतात. थोडक्यात, ‘आम्ही जाऊन आलो’ हे शेजाऱ्यांना न विचारता सांगायची सोय फार जुनी आहे.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. कन्येने दुकानातून पट्टा आणि चार बिल्ल्यांचा संच घेतला. किंमत पाहून मी तिथल्या तिथे रुपयांत गुणाकार केला आणि गप्प बसलो. कारण तेवढ्याच पैशांत पन्नास बिल्ले मी आधीच मेहुण्याच्या पत्त्यावर मागवून ठेवले होते! सकाळपासून त्यांतले तीन खपवलेही होते.

दुपारी कन्येने एक हातात घेऊन पाहिला. वजनाला हलका, कडा खरखरीत, रंग ओघळलेला. मागची मिकीच्या डोक्यांची नक्षी काठापर्यंत न जाता अलीकडेच थांबलेली.

“बाबा, हे खोटे आहेत.”

वीस वर्षे नुसत्या बोटांनी खोटी नोट ओळखणारा मी! मनी अँड बँकिंगच्या पेपरात ग्रेशॅमचा नियम लिहून दहा मार्क मिळवलेला मी! खोटे नाणे खऱ्याला चलनातून हाकलते. इथेही तेच चालते. लोक खरे बिल्ले घरी दडवतात आणि खोटे खपवतात, म्हणून नोकरांच्या पट्ट्यांवर खोट्यांचीच गर्दी होते, अशी जाणकारांची तक्रार आहे. त्या गर्दीत माझेही तीन.

“चालतं गं,” मी म्हणालो, “बघतंय कोण?”

“तुमच्या काउंटरवर कुणी खोटी नोट दिली तर?”

“जप्त करतो. शिक्का मारतो.”

“परत नाही देत?”

“छे! नियमच आहे. फक्त पावती देतो.”

तिने हात पुढे केला. मी निमूटपणे पिशवी दिली. गेटवरच्या म्हाताऱ्या काकांकडचा गूफी तिने दोन दिवस हेरून ठेवला होता. त्याच्यासाठी तिने संचातला स्वतःचा आवडता मिकी काढून दिला. काकांनी तो उलटून पाहिला, हसले, आणि गूफी तिच्या हातावर ठेवला.

रात्री जेवताना आइस्क्रीमच्या बिलामागे लिहिलेला एक कागद तिने माझ्या ताटाशी सरकवला. ‘सत्तेचाळीस नग जप्त. तीन नग येणे बाकी.’ खाली सही, तारीख, आणि कुठून मिळवला कोण जाणे, मिकीचा शिक्का.