पलीकडे नेलेला शब्द

सतराव्या शतकात तापीकाठची सुरत हे मोगलांचे प्रमुख बंदर होते. एका किनाऱ्याचा माल दुसऱ्या किनाऱ्यास नेणे हा तिचा व्यवसाय. रूपकाला लॅटिन भाषेत जे नाव आहे, त्याचाही अर्थ असाच. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘लातुम’ म्हणजे वाहून नेलेले. त्यांपासून ‘ट्रान्सलातिओ’ हा शब्द झाला. ग्रीकांच्या ‘मेटाफोरा’चे ते शब्दशः रूपांतर होय.

याच सुरतेचे कवी नर्मद यांनी १८५८ मध्ये ‘अलंकारप्रवेश’ हा गुजराती ग्रंथ लिहिला. अलंकार म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांना दागिना आठवतो, आणि दागिन्यावाचून काही अडत नाही असे ते समजतात. या समजुतीला सिसेरोने इ. स. पूर्व ५५ मध्येच उत्तर दिले आहे. वस्त्र प्रथम थंडीसाठी आले, शोभा मागाहून आली. त्याचप्रमाणे रूपक प्रथम शब्दांच्या उणिवेतून जन्मले, असे तो म्हणतो.

फादर स्टीफन्स यांच्यापुढेही हीच उणीव होती. १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त ख्रिस्ती स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा मराठी श्रोत्यांच्या ओळखीचा शब्द योजला. जुन्या शब्दाने नवा अर्थ वाहून आणला.

व्याकरणाच्या तासाला मुले रूपकाची व्याख्या पाठ करतात, ती अवश्य करावी. परंतु त्यांना एवढेही विचारावे: टेबलाचा पाय आणि बाटलीचे तोंड यांना आपल्यापाशी दुसरे नाव आहे काय?