पांच आठवड्यांचा पाहुणा

अतिथीचें माहात्म्य गातांना आपल्या शास्त्रकारांनीं हात आखडता घेतलेला नाहीं. तैत्तिरीय उपनिषदानें तर त्याला मातापिता व आचार्य यांच्या पंक्तीस नेऊन बसविलें. परंतु अतिथि कोणास म्हणावें याची मनूनें जी व्याख्या केली आहे, ती या गौरवाच्या घोषांत बहुधा कोणाला ऐकूं येत नाहीं. जो एक रात्र राहतो तो अतिथि. त्याचें राहणें नित्याचें नसतें म्हणूनच तें नांव त्याला मिळालें, असें मनु सांगतो. म्हणजे देवपण बहाल झालें तें एका रात्रीपुरतें! लोकांनीं ही मुदत किंचित् वाढविली, आणि तिसऱ्या दिवशींही जो राहील त्याची अक्कल गेली, असा म्हणींतून निकाल देऊन टाकला. त्यापुढें काय होतें याविषयीं शास्त्र आणि म्हण दोन्ही मुग्ध आहेत. तो प्रांत इतिहासाचा आहे. एकोणिसाव्या शतकांत एका जगप्रसिद्ध लेखकाच्या घरीं दुसरा जगप्रसिद्ध लेखक पंधरा दिवसांसाठीं म्हणून आला आणि पांच आठवडे राहिला, त्याची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

पाहुणा होता डेन्मार्कचा हान्स ख्रिश्चन अँडरसन, आणि यजमान चार्ल्स डिकन्स. अँडरसनचें नांव ज्यांच्या कानांवरून गेलें नसेल त्यांच्याही मुलांना त्याचें कुरूप बदकपिल्लूं, त्याची जलपरी आणि नव्या वस्त्रांच्या भ्रमांत उघडाच मिरवणारा त्याचा बादशहा हीं ओळखीचीं असतात. तो १८०५ सालीं ओडन्स गांवीं जन्मला. बाप जोडे शिवी, आई लोकांचीं धुणीं धुवी. डिकन्स त्याच्याहून सात वर्षांनीं लहान. त्याचा बाप कर्जापायीं तुरुंगांत गेला तेव्हां बारा वर्षांचा डिकन्स बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यांत चिठ्ठ्या चिकटवीत बसला होता. दारिद्र्याच्या एकाच शाळेंत शिकलेले हे दोघे १८४७ सालीं लंडनला लेडी ब्लेसिंग्टनच्या घरीं प्रथम भेटले, आणि एकमेकांवर अगदीं लुब्ध झाले. त्या वर्षीं अँडरसन स्वदेशीं परत निघाला तेव्हां त्याला निरोप द्यावयास डिकन्स स्वतः रॅम्सगेटच्या धक्क्यावर आला होता. धक्क्यावरची ती मूर्ति अँडरसननें पुढें दहा वर्षें हृदयांत जपून ठेवली. मध्यंतरीं पत्रें गेलीं, पुस्तकें अर्पण झालीं, आणि १८५७ च्या उन्हाळ्यांत डिकन्सनें त्याला अगत्यानें बोलाविलें.

ज्या घरीं हें बोलावणें आलें त्याचीही कथा आहे. केंट परगण्यांत रॉचेस्टरजवळ गॅड्स हिल नांवाच्या टेकडीवर तें उभें आहे. नऊ वर्षांचा असतांना डिकन्स बापाबरोबर त्यावरून फिरावयास जाई, आणि बाप म्हणे कीं, खूप कष्ट केलेस तर एखाद्या दिवशीं तूं या घरांत राहशील. १८५६ च्या मार्चमध्यें १७९० पौंड मोजून डिकन्सनें तें घर विकत घेतलें, आणि १८५७ च्या उन्हाळ्यांत कुटुंब तेथें प्रथम राहावयास गेलें. लहानपणचें स्वप्न विटामातीचें होऊन समोर उभें होतें. पत्नी कॅथरिन, तिची बहीण जॉर्जिना, लहानमोठीं नऊ मुलें आणि सुटीचे लांब दिवस, असा सारा मेळ जमत होता. ११ जून रोजीं पाहुणा दारांत उतरला.

दुसऱ्याच सकाळीं संकट उभें राहिलें. दाढी करावयास कोणी येत नाहीं, हें पाहून पाहुणा अस्वस्थ झाला, आणि हें काम घरच्या थोरल्या मुलानें करावें अशी त्यानें इच्छा दर्शविली. आमच्याकडे अशीच रीत आहे, असें त्याचें म्हणणें. थोरला मुलगा चार्ली त्या वेळीं वीस वर्षांचा होता. इंग्रज घराला ही रीत कशी मानवावी! शेवटीं पाहुण्याला रोज रॉचेस्टरच्या न्हाव्याकडे पाठविण्याची व्यवस्था झाली. त्याला इंग्रजी बेताचेंच येई, आणि बोलण्याची हौस मात्र अमर्याद. त्याच्या जर्मनचा अर्थ मनुष्याच्या कानाला लागत नाहीं अशी थोरला मुलगा शपथ घेतो, आणि त्याची भाषांतरकर्ती तर म्हणते कीं याला डॅनिशही येत नाहीं, असें डिकन्सनें एका पत्रांत लिहिलें आहे. पाहुणा रानफुलांचे गुच्छ बांधी, कागद कातरून सुरेख चित्रें करी, आणि एकदां तर त्यानें विल्की कॉलिन्सच्या टोपीभोंवतीं डेझीच्या फुलांची माळ गुपचूप गुंडाळली. बिचारा कॉलिन्स ती तशीच मिरवीत गांवांतून फिरून आला.

लंडनमधील प्रसंग याहून चमत्कारिक. भाड्याच्या गाडींतून येतांना गाडीवानानें एका नव्या, अर्धवट बांधलेल्या रस्त्यानें गाडी घातली; हा आपल्याला लुटणार, असें अँडरसनच्या मनानें घेतलें. त्यानें आपलें घड्याळ, पैसे, रेल्वेचें वेळापत्रक, कातर, चाकू, एकदोन पुस्तकें आणि ओळखपत्रें असा सारा संसार बुटांत कोंबला, आणि पायांना घट्टे पाडून घेऊन तो लंगडत घरीं आला. पुढें एका इंग्रजी नियतकालिकांत त्याच्या नव्या कादंबरीवर प्रतिकूल अभिप्राय आला, तेव्हां हा बावन्न वर्षांचा गृहस्थ हिरवळीवर पालथा पडून ओक्साबोक्शीं रडला. डिकन्सनें त्याची समजूत घातली; पायानें वाळूंत कांहींतरी गिरविलें, ही झाली टीका, असें म्हटलें, आणि लगेच तें पुसून टाकलें. यजमान म्हणून याहून सुंदर वागणूक कोणती असूं शकेल? आणि तरीही त्याच दिवसांत आपल्या स्नेह्यांना लिहितांना हाच यजमान पाहुण्यापायीं आम्हीं फार सोसतों आहोंत अशी तक्रार करीत होता. मुलगी केटी त्याला हाडकुळा कंटाळा म्हणे. पाहुणा गेल्यावर डिकन्सनें त्याच्या खोलींतील आरशावर एक चिठ्ठी लावली. तिचा आशय असा कीं, हान्स अँडरसन या खोलींत पांच आठवडे निजला, आणि घरच्या मंडळींना तीं युगें वाटलीं.

येथवरची गोष्ट साहित्याच्या इतिहासांत विनोद म्हणून पुष्कळदां सांगितली जाते, आणि ती हंसण्याजोगी आहेही. परंतु तिच्याशेजारीं त्या उन्हाळ्यांतील तारखा मांडल्या म्हणजे हंसूं थोडें आवरतें. पाहुणा येण्यापूर्वीं तीनच दिवस, ८ जून रोजीं, डिकन्सचा मित्र डग्लस जेरोल्ड वारला होता. त्याच्या कुटुंबासाठीं पैसा उभा करण्याच्या कामांत डिकन्सनें स्वतःला झोंकून दिलें. सभा, वाचनें, नाटकाच्या तालमी यांसाठीं त्याच्या लंडनच्या खेपा चालल्या होत्या, आणि घरचीं मुलें व मेहुणीही त्या नाटकांत गुंतलीं होतीं. ज्याच्यासाठीं अँडरसन समुद्र ओलांडून आला, तो यजमान बरेचदां घरांत नसेच. पाहुण्याची करमणूक करण्याचा भार उरलेल्यांवर पडे, आणि पाहुण्याचा एकटेपणा त्याच्या रोजनिशींत उतरे.

दुसरी तारीख आपल्या अधिक जवळची आहे. मीरतेस १० मे रोजीं पेटलेल्या वणव्याची वार्ता जूनअखेरीस लंडनांत पोहोंचली. डिकन्सचा मुलगा वॉल्टर सोळा वर्षांचा होता, आणि कंपनीच्या लष्करांत कॅडेट म्हणून हिंदुस्थानांत जाण्याचें त्याचें आधींच ठरलेलें होतें. २० जुलै रोजीं त्याचें जहाज साउदॅम्प्टनहून सुटलें. म्हणजे पाहुणा गेल्यानंतर अवघ्या पांच दिवसांनीं. ज्या पांच आठवड्यांना तें घर युगें म्हणालें, ते वॉल्टरच्या स्वदेशांतील शेवटचे आठवडे होते. तो परत आलाच नाहीं. ३१ डिसेंबर १८६३ रोजीं कलकत्त्याच्या लष्करी इस्पितळांत तो वारला, आणि ती बातमी बापाला मिळाली ती बापाच्या वाढदिवशीं.

तिसरी गोष्ट तारखेंत पकडतां येत नाहीं, कारण ती बरींच वर्षें आंतल्या आंत चालली होती. डिकन्स आणि कॅथरिन यांचा संसार तुटण्याच्या बेतांत आला होता. ऑगस्टमध्यें तेंच नाटक मँचेस्टरला झालें. तेथें घरच्या स्त्रियांच्या जागीं धंदेवाईक नटी घेतल्या, आणि त्यांत अठरा वर्षांची एलेन टर्नन होती. ऑक्टोबरांत डिकन्सनें लंडनच्या घरीं आपल्या आणि पत्नीच्या खोल्यांमधील दार बंद करून घेतलें. १८५८ च्या उन्हाळ्यांत पतिपत्नी विभक्त झालीं, आणि १२ जून रोजीं आपल्या साप्ताहिकांत डिकन्सनें घरची ही गोष्ट स्वतःच्या सहीनें जगापुढें मांडली. अँडरसन आला तेव्हां घर असें आंतून उललेलें होतें. अशा घरांत कोणाला कोणावर चिडावयाचें असतें तें बोलतां येत नाहीं. पाहुण्यावर मात्र चिडतां येतें. त्याच्याविषयीं सर्वांचें एकमत होऊं शकतें, आणि एकमतासाठीं भुकेलेल्या घराला तेवढाच एक विरंगुळा असतो. अँडरसन त्रासदायक होता यांत शंका नाहीं. पण त्या घरांतला सारा त्रास त्यानेंच आणला होता असें मानणें म्हणजे वादळाचा दोष खिडकीला देण्यासारखें आहे.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे. पंधरा दिवसांचे पांच आठवडे केवळ त्याच्या कोडगेपणानें झाले नाहींत. नाटकाचा प्रयोग पाहिल्याखेरीज जाऊं नका, असा आग्रह डिकन्सनें स्वतः केल्याचें त्याच्या रोजनिशींत आहे. तो प्रयोग व्हिक्टोरिया राणीसमोर ४ जुलै रोजीं झाला, आणि यजमानाचा अभिनय पाहून अँडरसन रडला. तोंडावर आर्जव आणि पत्रांत उपहास, अशा दुहेरी वागण्यांत भोळ्या परकीयानें कोणता अर्थ घ्यावा? त्यानें शब्दांचा घेतला. सभ्य घरांतील शब्दांचा अर्थ उलटाही असतो, हें त्याला कोणी शिकविलें नव्हतें.

मात्र ज्याला भाषा कळत नाहीं त्याला कधीं कधीं माणसें बरीं कळतात. जॉर्जिनाविषयीं त्यानें लिहिलें कीं, ती चपळ आहे, बुद्धिमान आहे, पण प्रेमळ नाहीं. कॅथरिनच्या सौम्यपणाविषयीं मात्र त्याच्या मनांत किंतु नव्हता. आपल्या या भेटीचा वृत्तान्त त्यानें १८६० मध्यें प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें तिला डिकन्सच्याच ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील ॲग्नेसची उपमा दिली. ॲग्नेस म्हणजे डिकन्सनें कल्पिलेली आदर्श गृहिणी! ज्या स्त्रीला घराबाहेर जावें लागून दोन वर्षें झालीं होतीं, तिला ही उपमा तिच्याच घरच्या पाहुण्यानें छापून द्यावी, हें डिकन्सला रुचेल असा संभव नव्हता. हें अज्ञान म्हणावें कीं न्याय म्हणावा, तें वाचकांनीं ठरवावें.

१५ जुलै रोजीं डिकन्सनें स्वतः गाडी हांकीत पाहुण्याला मेडस्टोन स्टेशनवर पोंचविलें. अँडरसन रडत होता. ऑगस्टच्या आरंभीं त्यानें पत्र लिहून आपल्या स्वभावांतील जें खटकलें असेल तें विसरून जावें अशी विनंती केली; म्हणजे कांहींतरी बिनसलें हें त्या वेड्यालाही जाणवलें होतें. सप्टेंबरांत डिकन्सचें गोड उत्तर आलें. तें शेवटचें. पुढें अँडरसननें पत्रें लिहिलीं, शिफारसपत्रें देऊन माणसें पाठविलीं, उत्तर नाहीं. १८७० सालीं डिकन्स वारला, १८७५ सालीं अँडरसन गेला. मैत्री का तुटली हें त्याला अखेरपर्यंत उमगलें नाहीं.

आपल्या घरांतूनही असे पाहुणे येतात. मे महिन्याच्या सुटींत दोन दिवसांसाठीं आलेला मेहुणा किंवा मामेभाऊ तीन आठवडे हलत नाहीं, आणि स्वयंपाकघरांत भांडीं जरा जोरानें वाजूं लागतात. अशा वेळीं पाहुण्याचे दोष मोजणें फार सोपें असतें. मनूनें एका रात्रीची मर्यादा घातली तिच्यांत शहाणपण होतें; यजमानाचें हंसूं किती वेळ खरें राहतें, याचा तो अदमास असावा. मुदत संपल्यावर स्नेह्याला सरळ सांगणें कठोर वाटतें खरें. पण आणखी राहा म्हणून दुसऱ्या खोलींत जाऊन त्याला हंसणें, आणि नंतर जन्मभर मौन धरणें, हें त्याहून कठोर आहे. गॅड्स हिलच्या यजमानाजवळ शब्दांचा तोटा नव्हता. भूत, भिकारी आणि अनाथ मुलें यांच्या मनांतलें त्यानें साऱ्या जगाला सांगितलें; बुटांत घड्याळ कोंबून लंगडत घरीं आलेल्या या एका मित्राला मात्र दोन खरे शब्द त्याच्याकडून मिळाले नाहींत.