तळटीप १४ : ‘दोन्ही व सारखेच’

१४. दोन्ही व : इंग्रजीतले ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’. वडनेर (ता. हिंगणघाट, जि. वर्धा) येथील शाळेच्या या प्रसंगात मुलांची जी गफलत होते, ती मराठी भाषकांत सर्वत्र आढळते. ‘व्ही’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात व हवा घासत बाहेर पडते. ‘डब्ल्यू’साठी दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. मराठी ‘व’ या दोहोंच्या मधला : दात-ओठ जवळ येतात, पण घर्षण जवळजवळ नसते. त्यामुळे ‘वेल’ या अर्थाचा ‘व्हाइन’ आणि मद्यवाचक ‘वाइन’ एकसारखे ऐकू येतात. ‘व्हॅन’, ‘व्होट’ असे लिहून आपण फरक दाखवतो खरा, पण त्यातला हकार मूळ इंग्रजी उच्चारात नाही. जिल्ह्याचे नाव इंग्रजीत ‘डब्ल्यू’ने आणि विदर्भाचे ‘व्ही’ने लिहितात, मराठीत दोन्हींचा व एकच. या भागातील बोलीत तर ‘इ’पूर्वीचा व पुष्कळदा गळतो : विहीर–इहीर, विस्तव–इस्तो.

आइसलँडिक भाषेतही ‘डब्ल्यू’चा स्वतंत्र ध्वनी नसल्याने तिच्या भाषकांची अडचण अशीच आहे. मात्र ‘थिंक’मधला, जिभेचे टोक दातांशी नेऊन हवा घासत काढायचा ध्वनी त्यांच्याकडे आहे, आपण तेथे मराठी ‘थ’ वापरतो, ज्यात हवा आधी पूर्ण अडते.