शब्दकोडं सुप्रीम कोर्टात गेलं, त्याची गोष्ट

आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. तीन अक्षरांचा शब्द आहे. पहिलं अक्षर काढलं तर घाण उरते. मधलं काढलं तर दुखायला लागतं. काहीच काढलं नाही तर तळ्यात फुलतं. ओळखा पाहू! हवं तर पॉज करा. उत्तर मनात ठेवा, एपिसोडच्या शेवटी ते लागणार आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वी मी फोनवर शब्दांचा एक खेळ खेळायचो. आधी तो फुकट होता. मग एक दिवस स्क्रीनवर आलं, ४९ रुपये भरा, जिंकलात तर ५००. मी भरले, हरलो, परत भरले. महिनाअखेरीस हिशोब केला तेव्हा खेळ थांबवला. पण त्या अ‍ॅपवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं एक वाक्य डोक्यात राहिलं: हा 'गेम ऑफ स्किल' आहे, म्हणजे कौशल्याचा खेळ. आता, कौशल्य कुठे संपतं आणि नशीब कुठे सुरू होतं, ही रेघ मारली कुणी? शोधत शोधत मी जाऊन पोचलो १९५७ सालात, थेट सुप्रीम कोर्टात. आणि तिथे भांडण कशावरून चाललं होतं, तर शब्दकोड्यावरून!

पण आधी हे शब्दकोडं आलं कुठून, ते बघू. कोडी घालणं आपल्याकडे जुनंच. 'उखाणा' म्हटलं की आज आपल्याला लग्नात नाव घेणं आठवतं, पण या शब्दाचा जुना अर्थ कोडं असाच आहे. चौकोनांचं शब्दकोडं मात्र अमेरिकेतलं. २१ डिसेंबर १९१३, रविवार. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या 'फन' नावाच्या पुरवणीत आर्थर विन या माणसाने एक नवा खेळ छापला. हा विन मूळचा इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. आकार पतंगासारखा, आणि नाव 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छपाईत नावाची उलटापालट झाली आणि 'क्रॉस-वर्ड' झालं. तेच टिकलं.

१९२४ साली सायमन आणि शुस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत पेन्सिल जोडून. अमेरिकेला अक्षरशः वेड लागलं. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तेव्हा या वेडाला वेळेचा अपव्यय म्हणून नाकं मुरडली, आणि स्वतःचं शब्दकोडं सुरू केलं ते थेट १९४२ साली. गंमत बघा, याच 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जानेवारी २०२२ मध्ये 'वर्डल' विकत घेतलं. तेच ते, हिरव्या-पिवळ्या चौकोनांचं, जे तुम्ही-आम्ही स्टेटसला टाकत होतो.

हा खेळ मराठीत आला तेव्हा एक छान बदल झाला. इंग्रजीत एका चौकोनात एक अक्षर. 'महाराष्ट्र' इंग्रजीत लिहायला अकरा चौकोन लागतील. आपल्याकडे चारच: म, हा, रा, ष्ट्र. काना-मात्रा-जोडाक्षरासकट सगळं एका घरात. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे नुसता 'क' जुळून भागत नाही. आडव्यात 'की' असेल तर उभ्यातही 'की'च हवा, 'कि' चालत नाही. म्हणजे कोडं सोडवता सोडवता शुद्धलेखनाचीही परीक्षा!

आता मुद्द्यावर येतो. वर्तमानपत्रवाल्यांच्या लक्षात आलं की कोड्याला बक्षीस लावलं की खप वाढतो. मग प्रवेश फी आली. कूपन कापा, शब्द भरा, पैसे जोडा, पाठवा. इथे एक अडचण होती. कोडं खरंच सोडवता येण्यासारखं असेल तर हजारो लोक बरोबर उत्तर पाठवणार. मग बक्षीस कितीजणांत वाटायचं? यावर तोडगा असा निघाला, की कोडं सोपं ठेवायचं, पण उत्तरं एकापेक्षा जास्त बसतील असं.

उदाहरण मीच बनवतो. दोन घरं, दुसऱ्यात 'ती' आधीच भरलेलं. सूचना: 'घरात ही असली की भांडणं होत नाहीत.' सांगा उत्तर. शांती? बसतं. प्रीती? तेही बसतं. भीती? खरं सांगा, काही घरांत हेच सगळ्यात बरोबर बसतं! तीनही उत्तरं चालतील, पण संपादकाकडच्या बंद पाकिटात एकच आहे. अशा दहा सूचना असतील आणि प्रत्येकीला तीन पर्याय असतील, तर एकूण जुळण्या होतात ५९,०४९. तुमचं मराठी कितीही उत्तम असू दे, त्यातली नेमकी एक तुम्ही कशाच्या जोरावर निवडणार? इंग्लंडच्या न्यायालयात १९३६ साली अशाच एका खटल्यात न्यायाधीशांनी म्हटलं होतं की लोकांकडून पैसे घेऊन त्यांना लपवलेल्या निशाण्यावर आंधळे नेम मारायला सांगितलं जातंय.

आपल्याकडे हा वाद मुंबईत पेटला. मुंबई सरकारने १९४८ साली बक्षीस-स्पर्धांवर परवाना आणि कर बसवणारा कायदा केला होता. पण तो इथे छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांपुरता. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या कंपनीचं 'स्पोर्टिंग स्टार' हे साप्ताहिक छापलं जायचं बंगळुरूत, खपायचं मात्र मुंबई राज्यातही. त्यातल्या 'आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड'साठी इथे एजंट होते, प्रवेशिका आणि फी गोळा करायला ठिकठिकाणी केंद्रं होती. १९५२ साली सरकारने कायदा दुरुस्त करून बाहेर छापलेल्या वर्तमानपत्रांतल्या स्पर्धाही त्यात ओढल्या. कंपनी कोर्टात गेली. म्हणणं असं, की हा आमचा व्यापार आहे, आणि व्यापार करण्याचा हक्क आम्हाला घटनेने दिलाय.

मुंबई हायकोर्टात कंपनी जिंकली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकाल दिला. त्यात ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून महाभारतातल्या द्यूतापर्यंतचे दाखले आहेत. निष्कर्ष सरळ होता: या स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाच्या आहेत, आणि जुगार हा व्यापारच नाही. त्यामुळे व्यापाराचं घटनात्मक संरक्षण त्याला मिळणार नाही. हायकोर्टाचा निकाल फिरला.

त्याच दिवशी दुसरा एक निकाल लागला, आणि माझ्या त्या ४९ रुपयांचा धागा तिथे जुळतो. केंद्राने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा वेगळा कायदा केला होता. महिन्याला एकूण १,००० रुपयांपेक्षा जास्त बक्षीस ठेवायचं नाही, आणि एका स्पर्धेला २,००० पेक्षा जास्त प्रवेशिका घ्यायच्या नाहीत. त्यावर तक्रार अशी, की या कायद्यात खऱ्या बुद्धीच्या स्पर्धाही भरडल्या जातील. कोर्टाने सांगितलं, नाही. हा कायदा फक्त जुगारासारख्या स्पर्धांना लागू. ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे त्या स्पर्धांना तो लागू नाही, आणि त्या चालवणं हा रीतसर व्यवसाय आहे.

हीच ती रेघ. पुढे रमीचा खटला आला, १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींचा आला, आणि दोन्हीकडे कोर्टाने कौशल्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर फोन आले, अ‍ॅप आले, फँटसी क्रिकेट आलं. 'आमचा खेळ कौशल्याचा' हे वाक्य प्रत्येकाने ढालीसारखं वापरलं. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. या कायद्याने ती जुनी रेघ ऑनलाइनपुरती बाजूलाच ठेवली.

हे बरं झालं की वाईट, यावर वाद घाला, जरूर घाला. मला मात्र या सगळ्या भानगडीतून कोड्याबद्दलच काहीतरी कळलं. आता सुरुवातीचं कोडं आठवा. उत्तर: कमळ. 'क' काढा, 'मळ' उरतो. 'म' काढा, 'कळ' येते. तुम्हाला आलं नसेल तरी आत्ता उत्तर ऐकल्यावर तुम्ही मान डोलावली असेल, 'अरे हो की!' म्हणाला असाल. चांगल्या कोड्यात हरलेल्या माणसालाही उत्तर पटतं. पुढच्या वेळी ते कोडं तो दुसऱ्याला घालतो.

आता ते दुसरं घ्या, 'घरात ही असली की'. समजा पाकिटातून 'प्रीती' निघालं. तुम्ही 'शांती' लिहिलं होतंत. तुम्ही म्हणाल, 'हेच का? माझं काय चुकलं?' याला उत्तरच नाही, कारण तुमचं काही चुकलेलंच नाही. त्यामुळे तुम्ही शिकत काहीच नाही, फक्त पुढच्या आठवड्याचं कूपन घेता. मी त्या अ‍ॅपवर हेच करत होतो. हरल्यावर एकदाही 'अरे हो की' वाटलं नाही. दर वेळी वाटलं, 'परत एकदा बघू'.

तेव्हा पुढे कुठलाही खेळ, क्विझ, चॅलेंज समोर आलं की बारीक अक्षरातलं 'कौशल्य' वाचत बसू नका. हरल्यावर तोंडातून काय निघतं, ते ऐका. आणि पेपरातलं रोजचं शब्दकोडं अजून आहे. पेन्सिल घ्या, घरातल्या मोठ्या माणसाशेजारी बसा आणि अडलं की विचारा. उत्तर नाही आलं तरी उद्याच्या अंकात ते छापून येतं.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर तुमच्या घरातलं एखादं जुनं कोडं व्हॉइस नोट करून पाठवा. अट एकच: उत्तर ऐकून मी 'अरे हो की' म्हटलं पाहिजे!