मौलानांची तीस पाने

"सर, तुमचं काय मत?" पेपरातल्या एखाद्या बातमीवर प्रशिक्षणाच्या वर्गात असा प्रश्न आला की आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक चहाच्या कपात बघू लागतो. मत नसते असे नाही. घरी दार लावल्यावर ते तासभर चालते. चारचौघांत मात्र खामोशी. कोणी तिला शहाणपण म्हणते, कोणी भित्रेपणा. अशा वेळी आम्हांला मौलाना अबुल कलाम आझाद आठवतात.

मौलाना मुळात गप्प बसणारे नव्हते. १९१२ मध्ये त्यांनी कलकत्त्याहून 'अल-हिलाल' काढले. सरकारने जामीन मागून, जप्त करून १९१४ मध्ये ते बंद पाडले. १९१६ मध्ये त्यांना बंगालबाहेर काढले, मग रांचीत नजरकैद. १९२२ च्या राजद्रोहाच्या खटल्यात बचाव करण्याऐवजी त्यांनी आपले म्हणणे कोर्टातच ठणकावून सांगितले.

असा माणूस ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडला गेला आणि अहमदनगरच्या किल्ल्यात बंद झाला. तिथे त्यांनी मित्राला, हबीबुर रहमान खान शेरवानी यांना, पत्रे लिहिली. ती टपालात पडलीच नाहीत. १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. काँग्रेसचा अध्यक्ष लिहीत होता, पण त्यात राजकारण जवळजवळ नाही. पहाटेचा चहा आहे, कोठडीतल्या चिमण्या आहेत, बाग आहे. एप्रिल १९४३ मध्ये बेगम जुलेखा कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असताना तुरुंगाचा अधिकारी सरकारकडे अर्ज पोचवायला तयार होता. मौलानांनी सरकारकडे काही मागायचे नाही असे ठरवले. ही खामोशी खुद्दारीची होती.

दुसरी खामोशी वेगळी. 'इंडिया विन्स फ्रीडम' हे आत्मकथन मौलाना उर्दूत सांगत आणि हुमायून कबीर इंग्रजीत लिहीत. त्यातली सुमारे तीस पाने मौलानांनी तेव्हा छापू दिली नाहीत. ती मोहरबंद करून कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली गेली. आपल्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी उघडा, अशी ताकीद होती. २२ फेब्रुवारी १९५८ ला ते गेले, पुढच्या वर्षी पुस्तक आले. पाने १९८८ मध्ये उघडली. त्यात सहकाऱ्यांवर, नेहरूंवरही, अधिक स्पष्ट टीका होती. पुस्तक अर्पण केले होते नेहरूंनाच!

या संयमाची किंमतही आहे. पाने उघडली तेव्हा पटेल, नेहरू, कृष्ण मेनन, खुद्द कबीर, कोणीच हयात नव्हते. उत्तर द्यायला माणूस उरला नाही. मत उशिरा सांगणे म्हणजे वाद टाळणेही असते, हे मान्य केले पाहिजे.

तरीही मौलानांच्या आणि आमच्या खामोशीत एक मोठा फरक आहे. त्यांनी मत लिहून ठेवले होते. आमचे मत चहाबरोबर संपते. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा आमच्या आधीच्या शिक्षकांच्या मनात काय चालले होते, ते वर्गात कसे उभे राहिले, हे शोधायला गेलो तर हजेरीपटाशिवाय आमच्या हाती काही लागत नाही. त्यांनाही मते होतीच की!

रोज चौकात उभे राहून बोलणे सर्वांना जमणार नाही, जमायलाच हवे असेही नाही. पण वही तर आपली आहे. तारीख घालून चार ओळी लिहाव्यात आणि हवे तर कुलूप लावावे. कुलूप कधीतरी उघडता येते. कोऱ्या वहीतून मात्र आमच्या मुलांना काहीच वाचता येणार नाही.