मेदकातले पाणी

नाशिकची ओळख आता द्राक्षमद्याचे गाव अशी झाली आहे. परंतु द्राक्षाच्या मद्यात पाणी किती घालावे हा प्रश्न उद्भवत नाही. फळ आपले पाणी बरोबरच घेऊन येते. धान्याचे तसे नाही. कोरड्या दाण्याला पाणी बाहेरून द्यावे लागते आणि ते किती, हे आधी ठरवावे लागते. या प्रश्नाचे एक जुने उत्तर कौटिलीय अर्थशास्त्रात आहे. ते कसे वाचावे, एवढाच आमच्या टिपणाचा विषय.

र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी सिद्ध केलेली अर्थशास्त्राची संहिता १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या दुसऱ्या अधिकरणात, सुराध्यक्षाच्या अध्यायात, मेदक नावाच्या पेयाची कृती येते : पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. द्रोणाचे चार आढक आणि आढकाचे चार प्रस्थ. म्हणजे १६ प्रस्थ पाण्यास २ प्रस्थ तांदूळ. प्रमाण आठास एक. हे पेय फारच पातळ असले पाहिजे, असे प्रथम वाचताना आम्हांस वाटले.

चूक आमच्या वाचनात होती. किण्व म्हणजे चिमूटभर विरजण, असे आम्ही गृहीत धरले होते. वस्तुतः येथे किण्व तांदळापेक्षा अधिक आहे, आणि त्याची कृती त्याच अध्यायात आहे : कच्च्या वा शिजवलेल्या उडदाचा लगदा, त्याहून एक तृतीयांश अधिक तांदूळ आणि थोड्या वनस्पती. तेव्हा किण्व हेही धान्यच. ते हिशेबात धरले की १६ प्रस्थ पाण्यास ५ प्रस्थ ऐवज होतो; आठपटीचे पाणी तिपटीच्या थोडे वर येऊन थांबते. किण्व ओलसर असल्याने हा हिशेब काटेकोर नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे.

मोड आणून वाळवलेल्या जवापासून बिअर करणारे आजही साधारण एका किलोस अडीच ते तीन लिटर गरम पाणी घेतात. त्यांतले सुमारे एक लिटर दाणाच पिऊन टाकतो, म्हणून हाती येणारा रस घातलेल्या पाण्याहून बराच कमी भरतो. वजन आणि माप यांची तुलना सैलच राहणार. शिवाय जवात पिष्टाची साखर करणारे द्रव्य दाण्यातच असते. मेदकात ते काम किण्वाकडे असावे. तरीही एक गोष्ट दोहोंकडे सारखीच : पाण्याचा आकडा एकटा काही सांगत नाही, ते पाणी पिणारे धान्य किती, हे कळावे लागते.

त्याच अध्यायात कुटुंबवत्सल गृहस्थांना मंगलकार्यात श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा दिली आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून मद्य करणे गुन्हा ठरविले. कायद्याचे नाव पुढे बदलले, बंदी कायम आहे. तिच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे नको. परंतु जी कृती घरात होत नाही, तिचे माप केवळ ग्रंथात उरते, आणि ग्रंथ तर जाणत्यांसाठी लिहिलेला असतो. नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडे नागलीची आंबील करणारीला पाणी किती, हे पुस्तकात पाहावे लागत नाही. पीठ किती पाणी घेते, हे तिच्या हाताला ठाऊक असते. मेदकाचे सूत्र लिहिणाऱ्याने वाचकाकडे असाच हात गृहीत धरला होता. आपण मात्र केवळ आकडा वाचला.