हाडांच्या उपचारास प्रकाशाची जोड
मोडलेले हाड सहसा आपोआप सांधते. पण अपघातात किंवा गाठ काढताना त्याचा मोठा तुकडाच गेला, तर ती पोकळी भरून येत नाही. अशा पोकळीत कॅल्शियम फॉस्फेटचे कण भरून वर मंद लेसर-प्रकाश देण्याचे प्रयोग ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाच्या बाउरू येथील संशोधकांनी उंदरांच्या कवटीवर केले. कण जागीच राहावेत म्हणून वापरलेला फायब्रिनचा चिकट लेप रॅटलस्नेक सर्पाच्या विषातील विकर व म्हशीच्या रक्तातील प्रथिन यांपासून बनतो, हे विशेष. ८३० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश ऊती भाजत नाही. तो पेशींतील तंतुकणिकांना चेतना देतो, असे मानले जाते. प्रकाश दिलेल्या उंदरांत नवे हाड अधिक तयार झाले. मात्र कवटी त्वचेलगत असते. मांडीच्या खोल हाडापर्यंत पोहोचताना हा प्रकाश बराच क्षीण होतो.